ऑफिसचा फायरवॉल पत्ता कुणाला विचारतो? डीएनएस सेटिंग आणि तिची सुरक्षा, सविस्तर

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र अनेकांना आठवत असेल. सोमवार होता. नऊ वाजून गेले आणि व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, फेसबुक तिन्ही एकदम थंड पडले. मुंबईत लोकांनी राउटर बंद-चालू केले, केबलवाल्याला फोन लावले, शेवटी ट्विटरवर जाऊन 'तुमचंही बंद आहे का?' असं विचारलं. जवळपास सहा तास हा प्रकार चालला. फेसबुकचे सर्व्हर जळाले नव्हते किंवा कुणी हॅकही केले नव्हते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे कंपनीचं अंतर्गत जाळं तुटलं, आणि त्यासोबत 'फेसबुक कुठे राहतं' हे जगाला सांगणारे सर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाले. घर जागेवर होतं, पण पत्ता सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

पत्ता सांगणाऱ्या या यंत्रणेचं नाव डीएनएस, म्हणजे डोमेन नेम सिस्टिम. त्या रात्रीचा बिघाड अमेरिकेतला होता. पण पत्ता कुणाला विचारायचा, हा निर्णय रोज, दर सेकंदाला आपल्या जवळच होत असतो. अंधेरीच्या गाळ्यात कपाटावर ठेवलेला, घाटकोपरच्या सीएच्या ऑफिसात भिंतीवर ठोकलेला किंवा मुलुंडच्या क्लासमध्ये टेबलाखाली धूळ खात पडलेला लुकलुकणाऱ्या दिव्यांचा डबा तो निर्णय घेतो. त्याला कुणी राउटर म्हणतं, कुणी फायरवॉल. त्याच्या डीएनएस सेटिंगमध्ये चार आकडे बदलले, तर त्या जागेतलं प्रत्येक यंत्र, मोबाइलपासून सीसीटीव्हीच्या डीव्हीआरपर्यंत, दुसऱ्याच माणसाला पत्ता विचारू लागतं. पडद्यावर मात्र काहीच बदललेलं दिसत नाही.

नावाचा आकडा कसा होतो?

संकेतस्थळाचं नाव माणसांच्या सोयीसाठी असतं. यंत्रांना आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे आकडे लागतात. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात ही सगळी नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये असत आणि ती फाइल सगळ्यांना उतरवून घ्यावी लागे. जाळं वाढलं तशी ही पद्धत कोलमडू लागली. मग १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. यात एकाच जागी सगळी यादी नसते, जबाबदारी वाटून दिलेली असते. सर्वांत वर 'रूट' सर्व्हर असतात. डॉट कॉम कुणाकडे, डॉट इन कुणाकडे, एवढंच ते सांगतात. डॉट इनचा कारभार 'निक्सी' ही भारतातली संस्था पाहते. तिच्या खाली प्रत्येक डोमेनचा स्वतःचा सर्व्हर असतो आणि अंतिम आकडा तो देतो.

रूट सर्व्हरची नावं तेरा आहेत, ए ते एम. प्रत्यक्षात त्यांच्या प्रती जगभर पसरलेल्या आहेत. स्वीडनची नेटनॉड संस्था चालवत असलेल्या 'आय' रूटची एक प्रत २००५ पासून मुंबईत आहे. त्यामुळे बोरिवलीतून विचारलेला पहिला प्रश्न समुद्र ओलांडून जाण्याची गरज उरत नाही.

मोबाइल किंवा लॅपटॉप ही सगळी पायपीट स्वतः करत नाही. तो एकालाच विचारतो. त्याला 'रिझॉल्व्हर' म्हणतात. रिझॉल्व्हर बाकीची चौकशी करून उत्तर आणतो आणि ते काही काळ लक्षात ठेवतो. म्हणजे प्रश्न एकच उरतो, हा रिझॉल्व्हर कोण? उपनगरातल्या बहुतेक घरांत आणि छोट्या ऑफिसांत याचं उत्तर 'कनेक्शन देणाऱ्या कंपनीने जो दिला तो' असं असतं. त्यात फार गैर काही नाही. गैर असतं ते हे, की कुणी तरी तो बदलला तरी कुणाला पत्ता लागत नाही.

नाव बरोबर, जागा चुकीची

याचा सर्वांत मोठा धडा जगाला 'डीएनएसचेंजर' नावाच्या व्हायरसने दिला. २००७ पासून हा व्हायरस पसरत होता. तो फाइल उडवत नसे, पैसे मागत नसे. फक्त कॉम्प्युटरची डीएनएस सेटिंग बदलत असे. काही प्रकारांत तो राउटरमध्येही शिरायचा आणि त्यासाठी त्याची युक्ती अगदी साधी होती: राउटरवर कंपनीने दिलेले ठरावीक पासवर्ड वापरून पाहायचे. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने एस्टोनियातल्या टोळीवर कारवाई केली, तेव्हा शंभरहून अधिक देशांतले चाळीस लाखांवर कॉम्प्युटर या टोळीच्या सर्व्हरला पत्ते विचारत होते. भारतही त्यात होता.

पुढची अडचण तर आणखी विचित्र होती. टोळीचे सर्व्हर बंद केले तर लाखो लोकांचं इंटरनेटच बंद पडणार. त्यामुळे न्यायालयाच्या परवानगीने त्या जागी तात्पुरते स्वच्छ सर्व्हर बसवले गेले आणि ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले. तोवर बऱ्याच लोकांना आपण चोराच्या टेलिफोन डिरेक्टरीतून नंबर शोधत होतो, हे माहीतच नव्हतं.

हा प्रकार तिथे संपला नाही. २०१८ अखेर ते २०१९ च्या सुरुवातीला डी-लिंकच्या जुन्या राउटरचे डीएनएस बदलण्याच्या लाटा आल्या. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी सुरू होत असताना, काही लिंक्सिस राउटरचे डीएनएस बदलून लोकांना कोविडची माहिती देणारं अ‍ॅप उतरवायला सांगणाऱ्या बनावट पानांवर नेलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने आलेलं ते अ‍ॅप पासवर्ड चोरणारं होतं.

यातली खरी गोम अशी. फसवणुकीच्या लिंकबद्दल सगळे सावध करतात, 'नाव नीट वाचा, स्पेलिंग बघा' असं सांगतात. रिझर्व्ह बँकेनेही याच कारणासाठी बँकांना स्वतंत्र 'डॉट बँक डॉट इन' हे डोमेन दिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये घोषणा झाली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सहकारी बँकांसह सगळ्यांना तिथे जायला सांगण्यात आलं. हे डोमेन कुणालाही बाजारातून विकत घेता येत नाही. त्यामुळे नावाच्या शेवटी ते दिसलं की बँक खरी, असं समजायला हरकत नाही. पण डीएनएसच बिघडवला असेल, तर नाव अक्षर न् अक्षर बरोबर असूनही पान भलत्याच सर्व्हरवरून येऊ शकतं. अशा वेळी एकच पहारेकरी उरतो, तो म्हणजे ब्राउझरमधलं सर्टिफिकेट. चोराकडे बँकेच्या नावाचं खरं सर्टिफिकेट नसतं, म्हणून ब्राउझर 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' असा लाल इशारा देतो. तो इशारा ओलांडून 'तरीही पुढे जा' दाबलं की पहारेकरी घरी जातो. बँकेच्या पानावर असा इशारा आला, तर ब्राउझरला नावं ठेवण्याआधी राउटरचा डीएनएस तपासावा.

फायरवॉलमध्ये डीएनएस नेमका कुठे असतो?

बहुतेक गोंधळ इथेच होतो, कारण तो एका ठिकाणी नसतो. पीएफसेन्स असो, मायक्रोटिक असो, फोर्टिगेट किंवा सोफोस असो, मेन्यूची नावं वेगळी असतात, पण जागा त्याच.

पहिली जागा म्हणजे फायरवॉलचा स्वतःचा डीएनएस. फायरवॉललाही अपडेट उतरवायचे असतात, घड्याळ लावायचं असतं, त्यासाठी तो कुणाला विचारणार हे इथे लिहिलेलं असतं. दुसरी जागा डीएचसीपीची. वाय-फायला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आयपीसोबत 'पत्ता याला विचार' असं सांगितलं जातं ते इथून. तिसरी, फायरवॉल स्वतः रिझॉल्व्हरचं काम करतो की नाही ही सेटिंग. आणि चौथी जागा सर्वांत दुर्लक्षित: इंटरनेट कंपनीकडून कनेक्शन जुळताना जो डीएनएस येतो, तो स्वीकारायचा की नाही याची खूण. ती चालू राहिली की पहिल्या जागी कितीही विचार करून आकडे भरा, कनेक्शन एकदा तुटून जुळलं की कंपनीचे आकडे परत येतात. 'मी तर बदललं होतं' ही तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची ही खूण चालू असते.

छोट्या ऑफिससाठी सरळ मांडणी अशी: सगळ्या यंत्रांना डीएचसीपीतून फक्त फायरवॉलचा आतला पत्ता द्यायचा, आणि बाहेर विचारायचं काम एकट्या फायरवॉलने करायचं. म्हणजे चौकशीची खिडकी एकच राहते. काय विचारलं गेलं याची नोंदही एकाच ठिकाणी मिळते.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. 'असू दे, फायरवॉल बंद पडला तर' म्हणून दुसऱ्या रकान्यात गूगलचा ८.८.८.८ भरतो. फायरवॉल बंद पडला तर इंटरनेटच बंद पडणार, त्यामुळे त्या दुसऱ्या आकड्याचा उपयोग शून्य. तोटा मात्र आहे. दुसरा सर्व्हर केवळ अडीअडचणीलाच वापरला जाईल, अशी खात्री नसते. वेगवेगळी यंत्रं वेगवेगळी वागतात. उत्तर यायला जरा उशीर झाला की काही यंत्रं दुसऱ्याकडे वळतात आणि काही तिथेच रेंगाळतात. मग ऑफिसातल्या टॅलीच्या सर्व्हरला दिलेलं नाव कधी उघडतं, कधी उघडत नाही. गूगलला ते नाव माहीत असण्याचं कारण नाही. तो 'असं नाव नाही' म्हणतो आणि यंत्र ते उत्तर अंतिम मानतं, पुन्हा फायरवॉलला विचारत नाही. दोन दिवस केबल बदलून पाहिल्यावर कधी तरी कुणाच्या तरी लक्षात येतं, की दोष त्या दुसऱ्या रकान्याचा आहे.

ऑफिसच्या आतल्या डोमेनला नाव काय द्यावं?

फायरवॉल पहिल्यांदा चालू केला की तो दोन गोष्टी विचारतो: यंत्राचं नाव आणि डोमेन. घाईत लोक डोमेनमध्ये काहीही टाकतात. 'डॉट लोकल' हा आवडता पर्याय, पण तो टाळलेला बरा. प्रिंटर, टीव्ही, अ‍ॅपलची उपकरणं आपसात एकमेकांना शोधण्यासाठी हेच नाव वेगळ्या पद्धतीने वापरतात आणि दोन्हींची टक्कर होते.

मनाने एखादं छानसं नाव ठेवणं त्याहून धोक्याचं. ते डोमेन बाहेरच्या जगात दुसऱ्या कुणाचं असू शकतं किंवा उद्या होऊ शकतं. ऑफिसात असताना फरक पडत नाही, कारण उत्तर फायरवॉल देतो. पण तोच लॅपटॉप घेऊन कुणी घाटकोपरहून लोकलमध्ये बसलं आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडलं, की लॅपटॉप सवयीने ऑफिसचा सर्व्हर शोधू लागतो आणि ती चौकशी थेट बाहेर जाते. याचं गाजलेलं उदाहरण 'कॉर्प डॉट कॉम'चं आहे. विंडोजच्या जुन्या सर्व्हरमध्ये नमुना म्हणून 'कॉर्प' हे नाव असायचं आणि असंख्य कंपन्यांनी ते तसंच ठेवलं. परिणामी ज्याच्याकडे हे डोमेन होतं, त्याच्या दारावर साडेतीन लाखांहून अधिक कॉम्प्युटर येऊन धडकत असल्याचं एका चाचणीत दिसलं. त्यांतले काही लॉगिनची माहितीही द्यायला तयार होते. अखेर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ते डोमेनच विकत घेऊन टाकलं.

सुरक्षित पर्याय तीन. घरासाठी 'होम डॉट अर्पा' हे नाव २०१८ मध्ये खास राखून ठेवलं गेलं. 'डॉट इंटर्नल' हे नाव खासगी जाळ्यांसाठी राखल्याचं आयकॅनने २०२४ मध्ये जाहीर केलं, ते बाहेर कुणालाही विकलं जाणार नाही. आणि धंद्याचं स्वतःचं डोमेन असेल, तर त्याच्या पुढे 'ऑफिस' असा उपशब्द लावून आत वापरणं सर्वांत उत्तम. फक्त डोमेनचं वार्षिक नूतनीकरण विसरता कामा नये.

बाहेरच्यांना उत्तर देणारा फायरवॉल

जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या इंटरनेट सेवा कंपन्यांवर मोठा 'डीडॉस' हल्ला झाला. ग्राहकांचं इंटरनेट मंदावलं, कंपन्यांनी तक्रार केली आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. डीडॉस म्हणजे एकाच ठिकाणी इतकी रहदारी पाठवायची की रस्ताच तुंबावा. अशी रहदारी तयार करण्याच्या मार्गांपैकी एक डीएनएसमधून जातो, आणि त्यात सामान्य माणसाचा राउटर नकळत सामील होतो.

त्याची कृती थोडक्यात अशी. डीएनएसचा प्रश्न असतो पन्नास-साठ बाइटचा. उत्तर मात्र हजारो बाइटचं असू शकतं. हल्लेखोर प्रश्न पाठवतो आणि पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा नाही, तर ज्याला बुडवायचं त्याचा पत्ता लिहितो. राउटर प्रामाणिकपणे उत्तर देतो, ते जाऊन आदळतं भलत्याच्या दारात. असे हजारो राउटर एकदम वापरले की पूर येतो. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या संस्थेवर याच पद्धतीने सेकंदाला सुमारे ३०० गिगाबिटचा मारा झाला होता.

म्हणून फायरवॉलने डीएनएसचं उत्तर फक्त आतल्यांना द्यायचं असतं. बाहेरच्या बाजूने, म्हणजे वॅनकडून येणारा पोर्ट ५३ बंद हवा, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही. पीएफसेन्ससारख्या फायरवॉलमध्ये तो मुळातच बंद असतो. मायक्रोटिकमध्ये काळजी घ्यावी लागते. उपनगरातले छोटे इंटरनेट पुरवठादार आणि ऑफिसं मायक्रोटिक वापरतात, कारण स्वस्तात भरपूर काम होतं. त्यात 'अलाउ रिमोट रिक्वेस्ट्स' अशी एक खूण आहे. ऑफिसातल्या यंत्रांना मायक्रोटिककडून डीएनएस हवा असेल तर ती चालू करावीच लागते. पण ती आतलं-बाहेरचं असा भेद करत नाही. चालू केली की राउटर सगळ्या दिशांना उत्तर देऊ लागतो, आणि बाहेरची दिशा वेगळा फायरवॉल नियम लिहून बंद करावी लागते. तो नियम लिहायचा राहून गेला तर महिनोन् महिने कळत नाही. फक्त 'हल्ली नेट स्लो झालंय' असं वाटत राहतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. ऑफिसचा सार्वजनिक आयपी लिहून घ्यायचा, मोबाइल डेटावर चालणाऱ्या लॅपटॉपवरून 'एनएसलुकअप' ही आज्ञा देऊन त्या आयपीलाच एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता विचारायचा. उत्तर आलं तर दार उघडं आहे. अनेक पुरवठादार एकच सार्वजनिक आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटून देतात. तिथे ही चाचणी आपल्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. तरीही दार बंद ठेवावं, कारण त्याच पुरवठादाराच्या जाळ्यातले इतर ग्राहक आतून पोहोचू शकतात.

आतून बाहेर जाणारी चोरवाट

खिडकी एक ठेवली, तरी लोक भिंतीवरून उड्या मारतात. सीसीटीव्हीचे डीव्हीआर, स्मार्ट टीव्ही, हजेरीची बायोमेट्रिक यंत्रं, यांतल्या काहींत कारखान्यातूनच एक डीएनएस भरलेला असतो आणि ती डीएचसीपीचं ऐकत नाहीत. व्हायरस लागलेला कॉम्प्युटरही स्वतःच्या मालकालाच विचारतो. उपाय हा, की आतून बाहेर पोर्ट ५३ वर जाण्याची परवानगी एकट्या फायरवॉलला द्यायची आणि बाकी सगळ्यांना अडवायचं. अडवल्यावर एखादं जुनं यंत्र बंद पडत असेल, तर अडवण्याऐवजी त्याचा प्रश्न गुपचूप फायरवॉलकडे वळवता येतो. आधी आठवडाभर फक्त नोंद ठेवून बघावं. कोणतं यंत्र कुठे विचारतंय हे पाहून सोसायटीच्या सेक्रेटरीलाही धक्का बसू शकतो.

याच्या पुढची पायरी किचकट आहे. आता डीएनएसचे प्रश्न कुलूपबंद करूनही पाठवता येतात. एक प्रकार पोर्ट ८५३ वरून जातो, दुसरा नेहमीच्या संकेतस्थळांच्या रहदारीत, पोर्ट ४४३ मध्ये मिसळून जातो. खासगीपणासाठी ही चांगली गोष्ट आहे. पण ऑफिसने लावलेला फिल्टर त्यामुळे बाजूला पडतो. फायरफॉक्सने यासाठी एक सोय ठेवली आहे. ठरावीक एका नावाला जाळ्याने 'अस्तित्वात नाही' असं उत्तर दिलं, की तो आपणहून कुलूपबंद डीएनएस सुरू करत नाही. वापरणाऱ्याने स्वतः सुरू केला असेल तर मात्र ही सोय लागू होत नाही.

अँड्रॉइडमध्ये २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. त्यात एखाद्याने विशिष्ट सर्व्हरचं नाव भरलं असेल आणि ऑफिसच्या फायरवॉलने ८५३ बंद केला असेल, तर फोन साध्या डीएनएसकडे परत येत नाही. वाय-फायचे सगळे दांडे भरलेले, तरी इंटरनेट नाही. बाकी सगळ्यांचं चालतंय आणि एकाच कर्मचाऱ्याचा फोन चालत नसेल, तर राउटरला हात लावण्याआधी ही सेटिंग बघावी. 'ऑटोमॅटिक' केली की काम होतं.

फायरवॉल स्वतः बाहेर विचारतो ते प्रश्न कुलूपबंद असले तर उत्तमच. क्वाड-नाइन (९.९.९.९) आणि क्लाउडफ्लेअर (१.१.१.१) दोन्ही ही सोय फुकट देतात. क्वाड-नाइन धोकादायक म्हणून माहीत असलेली नावं उघडूच देत नाही. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.२ हेच करतो आणि १.१.१.३ प्रौढांसाठीच्या साइटही अडवतो. लहान मुलं असलेल्या घरात तो बरा. एवढं लक्षात ठेवायचं, की कुलूप लावल्याने वाटेतल्या कुणाला दिसत नाही, पण ज्याला विचारलं त्याला सगळं दिसतं. विश्वास फक्त एका कंपनीकडून दुसरीकडे हलतो.

उत्तर खरं आहे हे कसं कळणार?

कुलूपबंद वाटेने आलेलं उत्तरही मुळात खोटं असू शकतं. त्यासाठी 'डीएनएसेक' आहे. यात डोमेनचा मालक उत्तरावर डिजिटल सही करतो आणि रिझॉल्व्हर ती तपासतो. सह्यांची साखळी रूटपर्यंत जाते. रूटवर सही जुलै २०१० पासून आहे. ती मूळ किल्ली ११ ऑक्टोबर २०१८ ला पहिल्यांदा बदलली, तेव्हा भारतात '४८ तास जगभर इंटरनेट बंद' अशा बातम्या आणि व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड फिरले होते. प्रत्यक्षात भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊला किल्ली बदलली आणि बहुतेकांना काही कळलंही नाही.

पीएफसेन्ससारख्या फायरवॉलमध्ये ही तपासणी एका खुणेने चालू होते. ती चालू असावी. पण मुंबईच्या पावसाळ्यात तिची एक खोड समजून घ्यायला हवी. सहीला मुदत असते, म्हणून तपासणाऱ्याचं घड्याळ बरोबर लागतं. रात्री वीज गेली, यूपीएस संपला, आणि फायरवॉलमधला घड्याळाचा सेल मेलेला असेल, तर वीज आल्यावर तो काही वर्षं मागच्या तारखेने उठतो. त्याच्या मते सगळ्या सह्यांची तारीख अजून यायची आहे, म्हणून तो प्रत्येक उत्तर नाकारतो. घड्याळ दुरुस्त करायला वेळेच्या सर्व्हरकडे जावं, तर त्या सर्व्हरचं नाव सोडवायलाही डीएनएसच लागतो. फेऱ्यात अडकलेला असा डबा सकाळी 'लाइन चालू, नेट बंद' दाखवतो आणि केबलवाला लाइन तपासून हात वर करतो. यावर उपाय दोन: शे-दीडशे रुपयांच्या आतला सेल बदलणं, आणि वेळेच्या सर्व्हरांपैकी निदान एक नावाने न देता आकड्याने देणं.

नावावर लिहिलेले नियम

काही ऑफिसं फायरवॉलमध्ये 'अकाउंटच्या कॉम्प्युटरवरून फक्त बँक आणि जीएसटीचं पोर्टल उघडू दे' असे नियम लिहितात. कल्पना चांगली. पण फायरवॉल नियमात नाव लिहिलं तरी आत तो आकडाच ठेवतो. तो मधून मधून स्वतः पत्ता विचारून आकडे ताजे करतो. कॉम्प्युटरने दुसऱ्या रिझॉल्व्हरला विचारलं आणि त्याला वेगळा आकडा मिळाला, तर नियम लागू होत नाही आणि पोर्टल ऐन रिटर्न भरायच्या तारखेला उघडत नाही. मोठ्या साइट मिनिटामिनिटाला आकडे बदलतात. म्हणून असे नियम लिहिण्याआधी फायरवॉल आणि कॉम्प्युटर एकाच खिडकीवर विचारतात ना, हे पाहावं लागतं.

किल्ली कुणाकडे आहे?

वरचं सगळं नीट करून अ‍ॅडमिनचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन'च ठेवला, तर दहा मिनिटांत सगळं उलटवता येतं. डीएनएसचेंजरने नेमकं तेच केलं होतं. कनेक्शन लावायला येणारा तंत्रज्ञ घाईत असतो. तो एकच पासवर्ड पूर्ण इमारतीत ठेवतो, कधी तो राउटरच्या पाठीवर चिकटपट्टीने लावून जातो. तो गेल्यावर पासवर्ड बदलणं हे मालकाचं काम. बाहेरून अ‍ॅडमिन पान उघडण्याची सोय बंद करावी. दूरवरून काम करायचंच असेल तर व्हीपीएन लावावा. फर्मवेअरचे अपडेट ज्या राउटरला येणं थांबलंय, तो धावत असला तरी निवृत्त करावा. 'रीबाइंडिंग'पासून संरक्षणाची खूण असेल तर ती चालू ठेवावी. बाहेरच्या नावाला आतल्या यंत्राचा पत्ता चिकटवून ब्राउझरमार्फत आत शिरण्याची युक्ती तिने अडते.

सेटिंगची प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवणं आणि महिन्यातून एकदा चारही जागांचे आकडे तिच्याशी ताडून पाहणं, याला पाच मिनिटं लागतात.

कंपन्यांसाठी कायद्याचा भागही आहे. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात. घड्याळ राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायचं, हेही त्यातच आहे. डीएनएसच्या नोंदी इथे कामी येतात. कोणत्या यंत्राने कोणतं बनावट नाव कधी विचारलं, हे त्यांतूनच सापडतं. छोट्या राउटरची आठवण मात्र तोकडी असते, वीज गेली की नोंदी पुसल्या जातात. त्या वेगळ्या कॉम्प्युटरवर पाठवायची सोय करावी लागते.

डीएनएस बदललेला सापडलाच, तर आकडे दुरुस्त करून थांबू नये. राउटर मूळ स्थितीला आणून, नवं फर्मवेअर आणि नवा पासवर्ड टाकून, मग सेटिंग पुन्हा भरावी. जुन्या प्रतीतून उचलायची असेल, तर ती प्रत बिघाडाच्या आधीची असल्याची खात्री हवी. त्या काळात त्या जाळ्यावरून वापरलेले बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड मोबाइल डेटावरून बदलावेत. कॉम्प्युटरची आणि मोबाइलची डीएनएसची जुनी आठवण पुसायला ते एकदा बंद-चालू करावेत, नाही तर राउटर सुधारला तरी काही वेळ जुनाच पत्ता चालतो. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. खात्यातून गेलेली रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवण्यासाठी पहिले काही तास सर्वांत महत्त्वाचे असतात. राउटर मूळ स्थितीला आणण्याआधी चुकीच्या आकड्यांचा फोटो मात्र काढून ठेवावा, तक्रारीसोबत तो लागतो.